'जेंटू' म्हणजे नेमके कोण? आणि हा शब्द खरंच 'जंतू'वरून आला का?

तुम्ही विचारलंय: मुलाच्या लॅपटॉपवर जेंटू लिनक्स नावाची संगणक प्रणाली आहे, त्याच्या पुस्तकात जेंटू पेंग्विन आहे, आणि आता १७७६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या नावात 'जेंटू लॉज' असं वाचलं. हे जेंटू म्हणजे आपणच का? आणि हा शब्द 'जंतू'वरून आला असेल तर ती शिवी नाही का?

आधी थोडक्यात सांगते. हो, जेंटू म्हणजे आपणच. निदान १७७६ साली तरी आपणच होतो. शब्द 'जंतू'वरून आलेला नाही, पण जंतूशी त्याचं नातं मात्र आहे आणि ते मजेशीर आहे. शिवीचं म्हणाल तर त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

मी फोंड्याला वकिली करते. हा शब्द मला इंग्रजीत नाही, पोर्तुगिजात भेटला. वकिलीच्या सुरुवातीला एका अशिलाने पेटीतले आजोबांचे कागद आणून दिले होते. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. आजोबांच्या नावापुढे विवाहित, जमीनदार, अमुक गावचे रहिवासी, आणि या सगळ्याच्या आधी एक शब्द: 'झेंतीउ'. मला वाटलं आडनाव असेल. माझे सिनियर हसले आणि म्हणाले, "अगो, आडनाव कसलं? आजोबा हिंदू होते, एवढंच लिहिलंय त्यात." शब्दकोश उघडला तर तिथे अर्थ 'हिंदू' नव्हताच. 'मूर्तिपूजक, ख्रिस्ती नसलेला' असं होतं. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबते.

झालं असं. लॅटिनमध्ये 'गेन्स' म्हणजे कुळ, वंश, जमात. बायबलच्या लॅटिन भाषांतरात याच घराण्यातला शब्द ज्यू नसलेल्या 'इतर जमातीं'साठी आला. पुढे ख्रिस्ती तोंडी तो 'अजून धर्मात न आलेले' या अर्थी रुळला. इंग्रजीतला 'जेंटाइल' तिथूनच, पोर्तुगिजातला 'झेंतीउ'ही त्याच घराण्यातला. गंमत म्हणजे 'जेंटल' आणि 'जेंटलमन' हेही याच कुळातले. 'चांगल्या कुळातला' तो जेंटल. म्हणजे जेंटलमनने ज्यांना जेंटू म्हटलं ते त्याचे शब्दाने चुलतभाऊ लागतात.

आता पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला उतरले तेव्हाची गोष्ट ऐका. घरी, म्हणजे आयबेरियात, त्यांची शतकानुशतकं मुसलमानांशी लढाई. तिथले मुसलमान म्हणजे 'मोरो', इंग्रजीत 'मूर'. शब्द मूळचा उत्तर आफ्रिकेतल्या एका मुलखाच्या लोकांचा. पण पोर्तुगिजांच्या डोक्यात मुसलमान तेवढा मूर. त्यामुळे मलबारातला मापिळा (तिथला स्थानिक मुसलमान) असो, अरब व्यापारी असो की दख्खनचा सुलतान, सगळे मूर. आणि जे मूर नाहीत ते? वास्को द गामाच्या लोकांना वाटलं, हे ख्रिस्तीच असणार! त्यांना एका देवळात नेलं, तर त्यांना ते चर्च वाटलं. भिंतीवर 'संत' रंगवलेले होते, त्यांना चार-पाच हात आणि ओठांबाहेर आलेले दात. तरीही ते गुडघे टेकून बसले. त्यांच्यातल्या एकाला, जुआंव द सा त्याचं नाव, शंका आली. तो पुटपुटला म्हणे, की हा सैतान असला तरी मी खऱ्या देवालाच नमस्कार करतोय.

दोन-तीन वर्षांत, काब्राल या पोर्तुगीज कप्तानाची पुढची सफर परतेपर्यंत, चूक कळली. मग एक चौथा कप्पा लागला. ख्रिस्ती झाले (केरळात सीरियन ख्रिस्ती खरोखरच होते), ज्यू झाले (कोचीनला तेही होते), मूर झाले. उरलेले सगळे झेंतीउ. नायर, ब्राह्मण, वाणी, गुजरातचा जैन, विजयनगरचा राजा, सगळे एकाच टोपलीत. मला या शब्दात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: हे कुठल्याच लोकांचं नाव नव्हतं. तुम्ही कोण आहात ते या शब्दात नाही, कोण नाही आहात ते आहे.

१५१० मध्ये गोवा घेतल्यावर हा शब्द नुसता प्रवासवर्णनात राहिला नाही, सरकारी झाला. कोणाला काय चालेल आणि काय नाही, हे तो ठरवू लागला. १७३६ चा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हुकूमनामा तर 'झेंतीउंच्या' रीती बाटलेल्यांच्या घरात राहू नयेत म्हणूनच निघाला होता. दारातली तुळस, हिंदू बायकांसारखी चोळी, पुरुषांचं धोतर, सगळं त्यात आलं. तिथे शब्द शिवी होता की नव्हता हा प्रश्नच फिजूल. तिथे तो गुन्ह्याचं कलम होता.

इंग्रज मागाहून आले आणि किनाऱ्यावर आधीपासून चालणारी पोर्तुगीज बोली त्यांनी उचलली. आपणही उचललीच की: पगार, चावी, इस्त्री, बटाटा, मेस्त्री. इंग्रजांनी 'कास्ट' उचलला, 'पाद्री' उचलला, 'मूर' उचलला आणि 'झेंतीउ'चा 'जेंटू' केला. सतराव्या शतकातल्या कागदांत स्पेलिंगचा धुडगूस आहे. शेवटी दोन 'ओ'वालं रूप (Gentoo) टिकलं, हिंदूचं 'Hindoo' लिहायचे त्याच धाटणीचं.

मूर आणि जेंटू ही जोडी इतकी घट्ट होती की भाषांनाही तीच नावं पडली. हिंदुस्तानी भाषेला इंग्रज 'मूर्स' म्हणायचे; १७७२ सालच्या जॉर्ज हॅडलीच्या व्याकरणाच्या शीर्षकातच तसं लिहिलंय. आणि 'जेंटू' भाषा कोणती? संस्कृत? बंगाली? नाही. तेलुगू.

इथे शब्दाने एक वळण घेतलं. पोर्तुगीज आले तेव्हा दक्षिणेतलं सर्वांत मोठं हिंदू राज्य विजयनगर होतं. कृष्णदेवरायाच्या दरबाराची भाषा तेलुगू, तो स्वतः तेलुगूत काव्य लिहिणारा. म्हणून 'झेंतीउंचा राजा' म्हटलं की तोच डोळ्यांसमोर येई. पुढे १६३९ मध्ये इंग्रजांना मद्रासची जागा मिळाली तीही दामर्ल घराण्याच्या तेलुगू नायकाकडून. त्यामुळे मद्रासकडे जेंटूचा अर्थ आक्रसत 'तेलुगू माणूस, तेलुगू भाषा' एवढाच झाला. तमिळांना तिथे 'मलबार' म्हणायचे, हा दुसरा घोळ. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात त्या किनाऱ्यावर होता. (पुढे तो मुंबईला आला, जुन्नरलाही जाऊन आला, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव ऐकिवात असतं.) त्याने तेव्हाच नोंदवलंय की यांच्या भाषेला सरसकट जेंटू म्हणतात, पण तिचं खरं नाव तेलिंगा. म्हणजे खरं नाव माहीत होतं. वापरलं मात्र दुसरंच, पुढची दीडशे वर्षं.

हे वाचून इंग्रजांना हसण्याआधी आपला 'फिरंगी' आठवा. फिरंगी म्हणजे मुळात फ्रँक, युरोपातली एक जमात. अरब आणि इराण्यांनी ते नाव सगळ्या युरोपियनांना चिकटवलं. मराठीत मात्र ते पुन्हा आक्रसलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) आणि डिंगमार (डेन) अशी टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी येते. तिथे फिरंगी म्हणजे फक्त पोर्तुगीज, कारण आपल्याला आधी भेटले ते. वसईच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या समोर फिरंगी होते म्हणतो तेव्हा आपण याच अर्थाने म्हणतो. जेंटूचं तेलुगू झालं आणि फिरंग्याचा पोर्तुगीज झाला, चाल एकच. आणि 'टोपीकर' तर थेट डोक्यावरच्या टोपीवरून! 'आमच्यापैकी नव्हे' असं म्हणायला आपल्यालाही फार कष्ट पडले नाहीत.

आता तुमचं पुस्तक. त्याआधी लंडनच्या कोर्टातला एक खटला सांगायलाच हवा, कारण वकील म्हणून तो मला पुस्तकापेक्षा जास्त आवडतो. ओमिचंद विरुद्ध बार्कर, १७४४. कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याचे पैसे एका इंग्रजाकडे अडकले होते, म्हणून लंडनच्या चॅन्सरी कोर्टात दावा झाला. साक्षीदार कलकत्त्यातले, 'जेंटू धर्माचे'. त्यांच्या साक्षी तिथेच नोंदवून लंडनला पाठवल्या. शपथ कशी घेतली? ब्राह्मणाच्या पायाला हात लावून. समोरचा पक्ष म्हणाला, ही शपथच नव्हे. बायबलवर हात नाही तर साक्ष कसली? त्याला आधार होता एडवर्ड कोकसारख्या जुन्या बड्या कायदेपंडिताचा, ज्याने काफिर साक्षीला चालत नाही असं लिहून ठेवलं होतं. न्यायाधीश लॉर्ड हार्डविकने तो आधार बाजूला सारला. खोटं बोललं तर देव शिक्षा करील असं माणूस मानत असेल, तर त्याच्या रीतीने घेतलेली शपथ चालेल, असा निकाल दिला. साक्षी स्वीकारल्या. व्यापाराची निकड होतीच त्यामागे; जगभर धंदा करायचा तर जगाची साक्ष ऐकायलाच हवी. पण बघा, दोनशे वर्षं 'आमच्यातला नसलेला' एवढंच सांगणारा शब्द इथे पहिल्यांदाच काहीतरी असलेल्या माणसाचा झाला. त्याला देव आहे, शपथ आहे, शब्दाला किंमत आहे.

मग १७७२. कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेचा आराखडा केला. त्यात वारसा, लग्न, जात वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि जेंटूंना शास्त्राचा कायदा लावायचा असं ठरलं. शास्त्र कुठलं? इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हतं. म्हणून कलकत्त्यात दहा-अकरा पंडित बसवून एक ग्रंथ रचून घेतला, 'विवादार्णवसेतु'. तो संस्कृतातून फारसीत उतरवला आणि फारसीतून इंग्रजीत आणला नॅथॅनियल हॅलहेड नावाच्या कंपनीच्या पोरसवदा नोकराने. पुस्तक १७७६ मध्ये लंडनला छापलं तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. तेच तुमचं 'कोड ऑफ जेंटू लॉज'. दोनच वर्षांत फ्रेंच भाषांतरही निघालं. भाषांतराचं भाषांतर असल्याने ते किती बरोबर, यावर पुढे विल्यम जोन्सने (कलकत्त्याचा न्यायाधीश आणि संस्कृतचा अभ्यासक) नाकं मुरडली, आणि ती योग्यच होती.

'जंतू'ची भानगड याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. हॅलहेडला शीर्षकातला शब्द खटकत होता. तो लिहितो, हा शब्द ब्राह्मणधर्म मानणाऱ्यांसाठी वापरतात तो चुकीने. संस्कृतात 'जंतु' म्हणजे प्राणिमात्र, आणि जरा संकुचित अर्थाने माणूस. पोर्तुगिजांनी तो लोकांच्या तोंडून वारंवार ऐकला असेल आणि यांचं नावच ते असं समजून उचलला असेल. मग त्यांच्या धर्मवेडाने तो 'जेंटाइल'शी जुळवून घेतला असेल. इतकंच नाही, तो असंही नोंदवतो की युरोपियन लोक जेंटू म्हणून ज्यांना एकत्र मोजतात, त्या सर्वांना मिळून या लोकांत एक असा शब्दच नाही. चार वर्णांची वेगवेगळी नावं आहेत. हे दुसरं निरीक्षण आजही विचार करायला लावणारं आहे. पहिलं मात्र चूक.

चूक का? कारण पोर्तुगीज हिंदुस्थानात येण्याआधीच झेंतीउ शब्द घेऊन आले होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही ते तोच वापरत होते, ब्राझीलमध्येही तोच वापरला. तिथे कोणी 'जंतू' म्हणून त्यांच्या कानात सांगितलं नव्हतं.

पण थांबा. लॅटिन 'गेन्स' ज्या धातूतून आला तो 'उत्पन्न होणे, जन्मणे' या अर्थाचा. संस्कृतातला 'जन्' तोच. त्यातून जन, जन्म, जाती आणि होय, जंतू. म्हणजे हॅलहेडने वाट चुकीची धरली, पण पोचला तो बरोबर घराच्या मागच्या दारी. जेंटू आणि जंतू हे बापलेक नव्हेत, पण हजारो वर्षांपूर्वी वाटण्या झालेले भाऊबंद नक्की आहेत. आणि 'गेन्स'चं सर्वांत जवळचं संस्कृत भावंड कोणतं म्हणाल तर 'जाती'. याहून चपखल योगायोग मला दुसरा माहीत नाही. बरं, हॅलहेडला याचा वास लागला होता. १७७८ च्या आपल्या बंगाली व्याकरणात संस्कृत शब्दांचं लॅटिन आणि ग्रीकशी साम्य पाहून चकित झाल्याचं त्याने लिहून ठेवलंय. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक एकाच मुळातल्या असं सांगणारं जोन्सचं गाजलेलं भाषण १७८६ चं, म्हणजे आठ वर्षं नंतरचं. नाव मात्र जोन्सचं झालं.

संस्कृतात जंतू हा शब्द अजिबात हलका नाही, हे लक्षात असू द्या. सगळे जीव त्यात येतात. मराठीत तो खाली घसरला: पोटात जंत, जखमेत जंतू, वर 'जंतुनाशक'. म्हणून तुम्हाला शिवी ऐकू आली. हॅलहेडला ऐकू आली नव्हती.

जेंटू मागे कसा पडला? फारसी शिकलेल्या इंग्रजांच्या कानावर दरबारात आणि कचेरीत 'हिंदू' हा शब्द रोज पडत होता. कंपनीच्या अलेक्झांडर डावने १७६८ मध्येच आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात हिंदू वापरला होता, त्याच सुमारास कंपनीचाच होलवेल मात्र जेंटूच लिहीत होता. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी नांदले. १७८१ च्या ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यात कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टासाठी 'जेंटूंचे कायदे व रूढी' असेच शब्द आहेत. पण १७९४ मध्ये जोन्सने मनुस्मृतीचं भाषांतर काढलं त्याच्या शीर्षकात 'हिंदू लॉ' आलं. हॅलहेडपासून जोन्सपर्यंत १८ वर्षं, तेवढ्यात कायद्याच्या पुस्तकांवरून जेंटू उतरला. अर्थात हिंदू हा शब्दही बाहेरच्यांनीच दिलेला, सिंधूवरून. फरक एवढाच की तो आपल्या लोकांनी तोवर आपला म्हटला होता. जेंटूला तसं आपलं कोणी म्हटलं नाही.

मद्रासकडे तो आणखी रेंगाळला. १८१६ मध्ये कॅम्पबेलचं तेलुगू व्याकरण निघालं, त्याच्या शीर्षकात 'तेलुगू, जिला सामान्यतः जेंटू म्हणतात' अशा अर्थाची शेपटी आहे. या पुस्तकाची प्रस्तावनेतली टीप प्रसिद्ध आहे: मद्रासचा कंपनी अधिकारी फ्रान्सिस एलिसने तिच्यात तेलुगू ही संस्कृतातून निघालेली नाही, तमिळ-कन्नडच्या घराण्यातली आहे, हे दाखवून दिलं. ज्या पुस्तकाने भाषेचं खरं कुळ सांगितलं त्याच्याच कपाळावर खोटं नाव! १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला तेव्हा जेंटू जवळजवळ मेला होता, मद्रासकडे थोडी धुगधुगी होती इतकंच.

पेंग्विनचं लवकर आटोपते. त्याच्या डोक्यावर एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत पांढरा पट्टा असतो. खलाशांना त्यात जेंटूचं पागोटं दिसलं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. शास्त्रीय नावात 'पापुआ' आहे, आणि पापुआत एकही पेंग्विन नाही. या पक्ष्याला एकही नाव धड मिळालं नाही बिचाऱ्याला. पाण्यात मात्र तो पेंग्विनांत सर्वांत वेगवान, आणि लिनक्सवाल्यांनी त्या वेगासाठीच हे नाव घेतलं. तेव्हा मुलाच्या लॅपटॉपमध्ये धर्माचा काही संबंध नाही.

गोव्यात मात्र शब्द अजून पुरता गेलेला नाही. १६ डिसेंबर १८८० चा पोर्तुगीज हुकूम आहे, गोव्यातल्या 'झेंतीउ हिंदूंच्या' रीतिरिवाजांचा. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं 'जेंटाइल हिंदू' होतं. त्यातलं एक कलम कुप्रसिद्ध आहे: बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल. माझ्या वकिलीत ते कोणी वापरलेलं मी पाहिलेलं नाही. पण समान नागरी कायद्यावर वाद रंगला आणि कोणी गोव्याचं उदाहरण दिलं, की दुसरा कोणीतरी हटकून हे कलम काढतो. मग टीव्हीवर 'जेंटाइल हिंदू' ऐकून पुण्या-मुंबईचे मित्र मला फोन करतात, की हे सभ्य हिंदू कोण?

शिवी का, या तुमच्या प्रश्नावर माझं मत विचाराल तर: हॅलहेड किंवा हार्डविकच्या कागदात ती शिवी नाही, ओळखपत्र आहे. इन्क्विझिशनच्या कागदात ती शिवीपेक्षा वाईट आहे. आज कोणी कोणाला तोंडावर जेंटू म्हणालं तर समोरच्याला कळणारही नाही, पेंग्विन आठवेल.

आणि जुने कागद वाचायला बसणार असाल तर एवढं करा. कागद बंगालचा किंवा मुंबईचा असेल तर जेंटू म्हणजे हिंदू असं धरून चला, पण त्यात जैन किंवा आणखी कोणी लपलेला नाही ना ते नावावरून पाहा. कागद मद्रासचा असेल आणि शेजारी 'मलबार' शब्द आला असेल, तर तिथे जेंटू बहुधा तेलुगू. 'जेंटू भाषा' असेल तर तेलुगूच, शंका नको. कागद गोव्याचा आणि पोर्तुगिजात असेल, तर झेंतीउच्या आधी किंवा नंतर जात, गाव, वडिलांचं नाव बहुतेक लिहिलेलं असतं. खरा माणूस तिथे सापडतो.